इंग्रजीत ‘चालण्या’ला इतके शब्द कशाला? मुलांना फरक कसा समजावावा?

तापीकाठची

शहादा तालुक्यातल्या एका शाळेत मी आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. वर्गातल्या मुलांच्या घरी अहिराणी, गुजरी, भिली नाहीतर पावरी बोलतात. शाळेत मराठी, आणि इंग्रजीचा नंबर त्यानंतर. एक अडचण मांडते, कारण इथे भाषेची जाण असलेली आणि आपल्याच भागातली बरीच मंडळी आहेत.

मुलांच्या गाइडात शब्दार्थ असे दिलेत: स्ट्रोल म्हणजे हळू चालणे, अँबल म्हणजे हळू चालणे, प्लॉड म्हणजे हळू चालणे, ट्रज म्हणजेही हळू चालणे. एका मुलीने विचारलं, "मॅडम, सगळ्यांचा अर्थ एकच, तर एवढे शब्द पाठ कशाला करायचे?" प्रश्न अगदी रास्त आहे. या चार शब्दांत चालणारा माणूस चार वेगळ्या मनःस्थितींत आहे, आणि गाइडाने नेमकी तीच गाळली.

मला यादी नको आहे, याद्या भरपूर मिळतात. फरक ओळखायची काहीतरी रीत हवी आहे. आणि उदाहरणं आपल्याकडची हवीत. लंडनच्या बागेतला फेरफटका मुलांच्या डोळ्यांसमोर येत नाही. तापीचा पूल, केळीची बाग, सारंगखेड्याची यात्रा म्हटलं की लगेच येतात.

भाषावेडा

ताई, त्या मुलीला आधी शाबासकी द्या. तिने दोन भाषांमधल्या एका मोठ्या फरकावर बोट ठेवलंय.

"तो लंगडत बाहेर आला" हे वाक्य घ्या. यातलं क्रियापद ‘आला’. ते फक्त दिशा सांगतं. कसा आला, ते ‘लंगडत’ सांगतं, आणि ते क्रियापदाच्या शेजारी बसलंय. इंग्रजीत हेच ‘ही लिंप्ड आउट’. तिथे ‘कसा’ हे क्रियापदातच शिरलंय आणि दिशा ‘आउट’ या चिमुकल्या शब्दावर सोपवलीय. लिओनार्ड टॅल्मी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने जगातल्या भाषांची या अंगाने विभागणी केली. इंग्रजी, जर्मन एका बाजूला. स्पॅनिश, फ्रेंच दुसऱ्या. आपलं वळण या दुसऱ्या गटासारखं: आला, गेला, शिरला, निघाला, चढला, उतरला ही आपली मुख्य क्रियापदं.

म्हणून इंग्रजीत चालण्याची क्रियापदं भारंभार आणि मराठीत मोजकी दिसतात. पण मराठी याबाबतीत गरीब आहे असं वर्गात चुकूनही सांगू नका. तुरुतुरु, तरातरा, झपझप, दुडुदुडु, लुटुलुटु, लगबगीने, रमतगमत, दबकत, खुरडत, फरफटत, ठेचकाळत, भेलकांडत, डुलत, ठुमकत… यातल्या कितीतरी शब्दांसाठी इंग्रजीला दोन-तीन शब्द जोडावे लागतात. आपली संपत्ती क्रियापदात नसून क्रियापदाच्या अलीकडे आहे. तेव्हा फळ्यावर ‘ट्रज = चालणे’ असं लिहायचंच नाही. ‘पाय ओढत, नाइलाजाने चालणे’ असं पूर्ण लिहायचं.

आता रीत. प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारायचे. पाऊल कसं पडतंय? मनात काय आहे? आणि आपल्याकडे रस्त्यात कोणीही कोणाला विचारतो तो: "कथा जाई राह्यना भो?" (कुठे चाललास, भाऊ?) हा तिसरा प्रश्न सगळ्यांत कामाचा. ‘कुठे नाही, असंच’ असं उत्तर येत असेल तर स्ट्रोल, सॉन्टर, वॉन्डर यांपैकी काहीतरी. ठरलेलं ठिकाण असेल तर स्ट्रोल आणि वॉन्डर सहसा बाद.

स्ट्रोल म्हणजे फेरफटका. जेवणानंतरची शतपावली यात येते. वेळ हाताशी आहे आणि चालण्यातच सुख आहे. सॉन्टरमध्ये पाऊल तसंच, पण वर एक बेफिकिरी. घंटा होऊन गेल्यावर खिशात हात घालून वर्गात येणारा मुलगा सॉन्टर करतो. त्याने घाई करायला हवी होती आणि तो करत नाही, हे त्या शब्दात येतं. वॉन्डरमध्ये दिशाच नाही, पाय नेतील तिकडे. (मुलं याची गल्लत ‘आश्चर्य’वाल्या वंडरशी करतात. उच्चार आणि स्पेलिंग एकदा शेजारी लिहून दाखवा.) रोम म्हणजे मोठ्या मुलखात मोकळेपणाने हिंडणं. स्ट्रे म्हणजे जिथे असायला हवं तिथून भरकटणं, मोकाट सुटणं.

जाता जाता एक सांगतो. खुद्द वॉक या शब्दाचा जुन्या इंग्रजीतला अर्थ लोळणं, घोळणं असा होता. विणलेलं लोकरीचं कापड पाण्यात तुडवून घट्ट करणाऱ्या कारागिरावरून वॉकर हे आडनाव आलं. चालण्याशी त्या आडनावाचा संबंध एवढाच की तो माणूस दिवसभर एकाच जागी पाय हलवायचा.

पांझराकाठ

प्लॉड आणि ट्रज यांतला फरक आमच्याकडे पावसाळ्यात शेतात उभं राहून शिकवता येईल. काळ्या जमिनीत पाऊस पडून गेला की दर पावलाला चपलेला चिखल चढत जातो, पाय मणाचे होतात. मोटारसायकल बांधाच्या अलीकडेच ठेवावी लागते. तिथून डोक्यावर खताची गोणी घेऊन माणूस निघतो, थकलेला, दुसरा इलाज नाही म्हणून. हे ट्रज. त्यात जडपणा आहे, आणि ‘नको वाटतंय पण जावं लागतंय’ हेही आहे.

प्लॉड म्हणजे औताच्या बैलांची चाल. हळू, एकसुरी, पण न थांबणारी. त्यात दुःख असेलच असं नाही, चिकाटी मात्र हवीच. म्हणूनच इंग्रजीत एखादा अभ्यासात हुशार नसला तरी नेटाने रोज पुढे सरकतो, त्यालाही प्लॉड लावतात.

माझ्या मते मराठी ‘पायपीट’ ट्रजच्या जास्त जवळ आहे आणि ‘वणवण’ आणखी वेगळी. वणवणीत काहीतरी शोधायचं असतं: पाणी, काम, दाखला. इंग्रजीत एका शब्दात ही वणवण मला तरी सापडलेली नाही.

वेड हा इंग्रजी शब्दही शिकवा. पाण्यातून, चिखलातून, उंच गवतातून पाय रेटत जाणं म्हणजे वेड. नदीला जिथून पायी पलीकडे जाता येतं त्या जागेला आपण उतार म्हणतो. उताराला इंग्रजीत फोर्ड, आणि उतारावरून माणूस पायाने जातो ते वेड. पाणी गळ्याशी आलं आणि पाय सुटले की वेड संपलं, मग ते पोहणं.

अश्वमित्र

सारंगखेड्याचा उल्लेख आला म्हणून लिहितो. दत्तजयंतीला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिथला घोडेबाजार देशभर नावाजलेला आहे. या धाग्यातले निम्मे शब्द मुलांना त्या बाजारात चालताना दाखवता येतील.

इंग्रजीत घोड्याच्या मुख्य चाली चार. वॉकमध्ये चार टापांचे चार वेगळे ठोके ऐकू येतात. ट्रॉटमध्ये पुढचा डावा आणि मागचा उजवा असे तिरपे पाय जोडीने पडतात, म्हणून दोनच ठोके. ही आपली दुडकी चाल. कँटरला तीन ठोके. गॅलप म्हणजे चौखूर, पुन्हा चार ठोके, पण भरधाव. गॅलपमध्ये चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात का, यावर पूर्वी वाद होता. १८७८ साली एडवर्ड मायब्रिजने कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोडीची छायाचित्रं घेतली आणि सुटतात हे दिसलं. कँटर हे नाव कँटरबरीच्या यात्रेकरूंवरून पडलं. ते घोड्यावरून ज्या बेताच्या चालीने जायचे ती ‘कँटरबरी गॅलप’, आणि पुढे त्याचंच कँटर झालं. म्हणजे तोही यात्रेचाच शब्द.

आता गाइडातलं अँबल. लॅटिनमधल्या ‘अँब्युलारे’ म्हणजे चालणे यापासून तो फ्रेंचमार्गे आला, आणि इंग्रजीत आधी घोड्याच्याच एका चालीसाठी वापरला जायचा. त्या चालीत एका बाजूचे पुढचे-मागचे पाय जवळपास बरोबर पडतात, त्यामुळे स्वाराला हिसका बसत नाही. आपल्या बाजारात हिलाच रेवाल म्हणतात. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांत ती आढळते आणि रेवाल घोड्याला भाव चांगला येतो. व्यापारी सांगतात की स्वाराच्या हातातल्या पेल्यातलं पाणीसुद्धा सांडत नाही. माणसाला अँबल लावतात तेव्हा तोच भाव असतो: अंग सैल, चाल संथ, कुठे ताण नाही. स्ट्रोलमध्ये हेतू दिसतो (फिरायला निघालोय), अँबलमध्ये अंगाची चाल दिसते. म्हणून बाजारात कामासाठी गेलेला माणूससुद्धा अँबल करू शकतो, पण तो स्ट्रोलला निघाला असं म्हणणं पटत नाही.

आणखी एक. लिंप आणि हॉबल दोन्हींना शब्दकोशात ‘लंगडणे’ मिळतं. लिंपमध्ये एक पाय दुखतोय आणि वजन दुसऱ्यावर टाकलं जातंय. हॉबलमध्ये पाऊलच नीट उचलत नाही, छोटी-छोटी, अवघडलेली पावलं. गुडघे धरलेला म्हातारा माणूस चालतो तसं. घोडा लांब जाऊ नये म्हणून त्याचे पाय दोरीने बांधतात, त्यालाही हॉबलच म्हणतात. आपला पायबंद. पायबंद घातलेला घोडा कसा चालतो हे ज्याने पाहिलंय त्याला हॉबलचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

तापीकाठची

अश्वमित्र, हे सोन्यासारखं आहे. वर्गातल्या कितीतरी मुलांना रेवाल माहीत असणार, काहींच्या घरी घोडी आहेत. मी इतकी वर्षं अँबल शब्दकोशातून शिकवतेय आणि तो अर्थ त्यांच्या ओट्यावरच बसलेला होता.

दोन प्रश्न राहिले. मुलांना वाटतं की खूप जोरात चालणं म्हणजेच रन. आणि एकाने विचारलं, पंढरीच्या वारीला इंग्रजीत काय म्हणायचं? ट्रेक की मार्च?

अनुवादक_जळगाव

पहिल्याचं उत्तर ऑलिंपिकच्या नियमांत आहे. चालण्याची शर्यत तिथे असते. पुरुषांची २० किलोमीटरची १९५६ साली सुरू झाली. नियम असा की एक तरी पाऊल सतत जमिनीला टेकलेलं डोळ्यांना दिसलं पाहिजे, आणि पुढे टाकलेला पाय जमिनीला लागल्यापासून शरीर त्यावर उभं येईपर्यंत गुडघ्यात वाकता कामा नये. त्या शर्यतीतले खेळाडू आपल्या धावण्यापेक्षा वेगाने जातात, तरी ते वॉकच. फरक वेगाचा नाही, जमिनीशी असलेल्या संबंधाचा आहे.

रनबद्दल उलट दिशेनेही सांगा. आपल्याकडे धावणं आणि पळणं वेगळं. चोर पळतो, मदतीला माणूस धावतो. पळण्यात मागे काहीतरी आहे, धावण्यात पुढे. ‘धावून येणे’ म्हणजे मदत, आणि ‘अंगावर धावून जाणे’ म्हणजे हल्ला. इंग्रजी रनला ही सगळी ओझी शेजारच्या शब्दांवर टाकावी लागतात. मुलांना हे दिसलं की इंग्रजीचा धाक बराच कमी होईल.

भाषावेडा यांच्या रीतीला माझी एक पुस्ती. तीन प्रश्नांना चौथा जोडा: बघणारा कोण आहे? अनुवाद करताना मला हा सतत विचारावा लागतो. स्ट्राइड म्हणजे लांब टांगा टाकत, ठाम चालणं. त्यात बघणाऱ्याचा आदर असू शकतो. तोच माणूस छाती काढून, आपल्याकडे सगळ्यांनी बघावं म्हणून चालला की स्ट्रट. खांदे हलवत, गुर्मीत चालला की स्वॅगर. पुष्कळदा चाल तीच असते आणि लिहिणाऱ्याचं त्याच्याबद्दलचं मत तेवढं बदलतं. पुढारी सभेत स्ट्राइड करत आला की स्ट्रट करत आला, यावरून बातमी कोणाच्या बाजूची ते कळतं.

चोरपावलांचे शब्दही असेच. टिपटो म्हणजे चवड्यांवर, आणि कारण चांगलंही असू शकतं, बाळ झोपलेलं असेल. क्रीपमध्ये हळू, अंग चोरून. स्नीकमध्ये लबाडी आली. प्राउल म्हणजे सावजाच्या शोधात टेहळत फिरणं. यावल-रावेरकडच्या केळीच्या बागांत आणि तुमच्या शहादा-तळोद्याच्या उसात रात्री बिबट्या फिरतो ते प्राउल. एकाच बागेत राखणदार टिपटो करेल, चोर स्नीक करेल, बिबट्या प्राउल करेल. हे एक वाक्य मुलं विसरणार नाहीत.

मुक्ताईनगरकर

वारीचा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा. आमच्याकडून मुक्ताईची पालखी निघते ती बुलढाणा, जालना, बीड ओलांडत महिन्याहून जास्त चालून आषाढीला पंढरपूरला पोचते. चैत्रात खानदेशातले हजारो लोक सप्तशृंगी गडावर पायी जातात, ते वेगळंच.

ट्रेक बिलकूल नको. आपल्याकडे ललिंगचा किल्ला चढला, तोरणमाळला सुट्टीत गेलं की ट्रेक म्हणतात, पण मूळ शब्द दक्षिण आफ्रिकेतल्या डच वसाहतवाल्यांचा आहे. त्याचा अर्थ ओढणं, बैलांनी गाडा ओढत नेणं. १८३० च्या दशकात ते लोक केप वसाहत सोडून बैलगाड्यांनी आत सरकले, त्या स्थलांतराला ग्रेट ट्रेक म्हणतात. त्यामुळे ट्रेकमध्ये लांब, अवघड, थकवणारा प्रवास आहे. वारी लांब आहे, पण वारकऱ्याला कोणी ‘किती अवघड प्रवास’ म्हटलं तर त्याला ते ओळखीचं वाटणार नाही.

पांझराकाठ

मग मार्च का नको? दिंड्या ओळीने जातात, क्रम ठरलेला, चालण्याला ताल आहे, मुक्काम ठरलेले. दांडीलाही मार्चच म्हणतात ना?

मुक्ताईनगरकर

दांडीला मार्च शोभतो, कारण तिथे समोर सरकार होतं. गांधीजी १२ मार्च १९३० ला साबरमतीहून निघाले, ५ एप्रिलला दांडीला पोचले, आणि दर पाऊल कायदा मोडायच्या दिशेने होतं. मार्चमध्ये शिस्त आहे तशीच कोणाला तरी दाखवायची ताकद आहे. सैन्य मार्च करतं, मोर्चा मार्च करतो, चिडलेली आई शाळेत मार्च करत येते. वारीत समोर कोणी प्रतिपक्ष नाही. पिलग्रिमेज म्हणावं तर त्यात देव आला आणि पाय गेले. विमानाने काशीला जाऊन आलं तरी ते पिलग्रिमेजच.

मुलांना सांगा, वारी असंच लिहा आणि पुढच्या वाक्यात पायी चालत केलेली यात्रा एवढं समजवा. इंग्रजीने ट्रेक जसाच्या तसा घेतला, तर वारीही घेईल. आपणच आपला शब्द आधी खाली ठेवू नये, एवढी माझी कळकळ आहे.

साक्रीवाला

मूव्हबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. एसटीत कंडक्टर "पुढे सरका" म्हणतो ते मूव्ह. जागेवर बसून बोट हलवलं तरी मूव्ह. घर बदललं तरी मूव्ह. आपण भारतात त्याला ‘शिफ्ट झालो’ म्हणतो, इंग्लंड-अमेरिकेत ‘मूव्ह झालो’ म्हणतात. चूक कोणाचीच नाही, पण परदेशी वाचकासाठी लिहिताना मूव्ह लिहावं.

ड्राइव्ह आणि राइड यांचा घोळही इथेच मिटवा. आपल्याला सगळंच ‘चालवणं’: सायकल, मोटारसायकल, ट्रक. इंग्रजीत ज्यावर टांग टाकून बसतो ते राइड, ज्याच्या आत बसून चालवतो ते ड्राइव्ह. ड्राइव्हचा जुना अर्थ मात्र जनावरं पुढे घालून हाकणं. आमच्या साक्री भागातले ठेलारी मेंढ्यांचा कळप घेऊन गावोगाव फिरतात. ते मेंढ्या हाकतात ते मूळचं ड्राइव्ह. मराठीने बैलगाडीला ‘हाकणे’ राखून ठेवलं आणि मोटारीला ‘चालवणे’ दिलं. इंग्रजीने जुनाच शब्द मोटारीवर चढवला.

तापीकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. आज वर्गात शब्दकोश न उघडता सुरुवात केली. एकेकाला बाहेरून वर्गात यायला सांगितलं: उशीर झालेला पण बेफिकीर, डोक्यावर गोणी असलेला, गुडघे दुखणारी आजी, झोपलेल्या बाळाजवळून जाणारी बहीण. बाकीच्यांनी आधी आपापल्या घरच्या भाषेत ते सांगायचं, मग मराठीत, आणि शेवटी इंग्रजी शब्द शोधायचा. पावरी बोलणारी मुलं एरवी शेवटच्या बाकावर गप्प असतात, आज तीच सगळ्यांच्या पुढे होती. घोड्याच्या चाली तर त्यांनी टाळ्यांच्या ठोक्यांवर करून दाखवल्या.

एक शेवटचं विचारते. परीक्षेत एखाद्याने प्लॉडऐवजी ‘वॉक्ड स्लोली’ लिहिलं तर गुण कापावेत का? आमच्यात यावर दोन मतं आहेत.

अनुवादक_जळगाव

कापू नका. ‘वॉक्ड स्लोली’ शुद्ध इंग्रजी आहे, आणि क्रियापदाच्या शेजारी ‘कसं’ ठेवायची ती आपलीच सवय आहे. प्रश्नातच नेमका शब्द विचारला असेल तर गोष्ट वेगळी. निबंधात मात्र ‘स्लोली’च्या जागी ‘हेव्हिली’ किंवा ‘लेझिली’ असं काही त्याला सुचलं असेल, तर माझ्या मते तो प्लॉड पाठ केलेल्या मुलाच्या पुढे आहे. त्याने चालणारा माणूस पाहिलाय.